उतरत्या खाटेवरची सोयरीक

धडधाकट माणसाला दवाखान्यात ठेवायचे असेल, तर आधी त्याच्या गावाला कुठेतरी कोंडून ठेवले पाहिजे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गाव आर्वीकडचे तळेगाव, माणूस बंडूजी, आणि त्यांना तिथे नेऊन ठेवणारा गाढव मी.

मी प्रभाकरराव. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. माझ्या हाताखालून त्रैराशिक न येता सुटलेली पोरे पुष्कळ आहेत, पण माणसाने अंतराळात पहिले घर कसे थाटले हे ऐकल्याशिवाय सुटलेले एकही नाही. आधी रशियनांचे साल्यूत, मग अमेरिकेचे स्कायलॅब. तिथे माणसे जेवत कशी, झोपत कशी, बाकीचे कसे उरकत, हे मी धडा संपला की सांगायचो आणि कंटाळा आला असेल तर धडा न संपताच सांगायचो. साठी उलटली तरी ते वेड गेले नाही.

वर्ध्याच्या बाजूला एक वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाव सांगत नाही, कारण तिथला गेटवाला माझ्यावर अजून चिडून आहे. तिथे डॉ. नयन नावाची तरुण मुलगी एम.डी.साठी एक प्रयोग करत होती. धडधाकट माणसांना तीन आठवडे खाटेवर झोपवायचे आणि खाटेच्या पायाकडच्या बाजूला ठोकळे लावायचे, म्हणजे डोके सहा अंशांनी खाली. एवढ्यावर शरीराची फसगत होते. त्याला वाटते आपण अंतराळात आलो. अंगातले पाणी पायांकडून डोक्याकडे सरकते, चेहरा सुजतो, नाक चोंदते, पायांच्या काड्या होतात आणि हाडांतला चुना लघवीवाटे निघू लागतो. रॉकेट न उडवता अंतराळ, तेही वर्ध्यात. मी दुसऱ्याच दिवशी एसटीने जाऊन नाव दिले. त्या मुलीने माझे वय पाहिले, रक्तदाब पाहिला आणि गोड हसून नाही म्हणाली. मला भयंकर राग आला. तो तसाच घेऊन घरी परतलो, तर समोरच्या ओट्यावर बंडूजी बसले होते.

बंडूजी माझे शेजारी. वांगी, फुलकोबी, मेथी लावतात आणि बाजाराच्या दिवशी स्वतः विकायला बसतात. पंचेचाळिशीचे, काटक, सुपारीचेसुद्धा व्यसन नाही. मी त्यांना रशियनांची हकिकत सांगितली. पहिले स्थानक सोडण्याच्या आदल्या वर्षी दोन गडी एका छोट्या यानात अडीच आठवडे फिरून आले, आणि उतरल्यावर त्यांना उभेच राहवेना. उचलून न्यावे लागले. पुढे स्थानकावरून परतलेल्यांना सपाट खाटेवर निजवले की ते म्हणत, आम्ही पायाकडे घसरतो आहोत, तिकडची बाजू उचला. उचलत उचलत जिथे त्यांना सपाट वाटले, तिथून या तिरप्या खाटेची युक्ती निघाली. बंडूजींनी सगळे शांतपणे ऐकले आणि एकच शंका काढली, की यात फक्त झोपायचेच आहे का. हो म्हटल्यावर म्हणाले, असे काम त्यांना जन्मात कोणी सांगितले नव्हते.

वेळही बरी होती. वांग्याचा तोडा संपला होता. त्यांची मुलगी खुशी हिची सोयरीक मीच मध्ये पडून कारंज्याच्या तानबाजींच्या मुलाशी, आदेशशी, जुळवली होती. तानबाजींचा हायवेवर ढाबा आहे. पोरगा पोरीला आवडला होता आणि पोरगी पोराला, जे हल्ली दोन्हीकडून एकाच वेळी घडत नाही. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, महिन्याभराने करायचे होते. तेवढ्यात बंडूजी अंतराळातून परत आले असते.

डॉ. नयनने नियम समजावले. डोके उचलायचे नाही. जेवताना नाही, आंघोळीला नाही, आणि बाकीच्या कार्यक्रमांनाही नाही. एकदा जरी माणूस उठून बसला, तरी वर चढलेले पाणी खाली उतरणार आणि तोवरची सगळी मापे बाद. तिच्या प्रयोगातले आधीचे एक गृहस्थ पोळ्याला बैल सजवायचे म्हणून उठून गेले होते आणि दुसरे सासऱ्याशी भांडायला. बंडूजी हे शेवटचे. तेही गेले तर प्रबंध बसला, आणि त्याबरोबर पोरीची वर्षे. बंडूजींनी तिचा हात हातात घेऊन जबान दिली, की आपण उठणार नाही.

पहिला आठवडा फार छान गेला. वरण, भात, पोळी, भाजी, सगळे तोलून यायचे. ताटात उरलेले चार दाणेसुद्धा परत तोलले जायचे. शरीरातून जे बाहेर पडे त्याचीही तेवढ्याच आदराने मोजदाद होई. बंडूजींना त्याची लाज वाटायची, म्हणून मी त्यांना सांगितले की स्कायलॅबवर चांगले शिकलेसवरलेले वैमानिक हेच करत होते. जे खाल्ले ते मोजत, आणि जे टाकले ते वाळवून, पिशवीत बांधून पृथ्वीवर परत आणत. शास्त्र त्यावरच उभे आहे. तिथे वजनकाटा चालत नाही हेही सांगितले. कारण वजनच नाही. स्प्रिंगच्या खुर्चीत बसून झोके घ्यायचे आणि झोका किती सावकाश येतो त्यावरून माणूस किती भारी ते काढायचे. यावर बंडूजींनी छताकडे बघत बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग म्हणाले, "मंग तिथं वांगे कसे इकत असन, मास्तर?"

हा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला. तो अमेरिकेला विचारायचा आहे.

दुसऱ्या आठवड्यात गावाला खबर लागली. आपल्याकडे कोणी भरती झाले की भेटायला जावेच लागते. न जाणारा माणूस मयतीलाही येणार नाही असे धरले जाते. त्यामुळे आर्वीवरून वर्ध्याला जाणाऱ्या बसमध्ये तळेगावकर चढू लागले. सोबत शहाळी, सफरचंदे, बिस्किटाचे पुडे. नयनने संध्याकाळचा एक तास भेटीला ठेवला होता, तो तिने शहरी मनाने ठेवला होता. आमच्या लोकांनी त्याचा आठवडी बाजार करून टाकला.

सगळ्यात आधी आल्या वच्छलाबाई, म्हणजे बंडूजींची मावशी. त्यांनी खाट पाहिली आणि एवढ्या मोठ्या दवाखान्यात सरळ खाट मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावला. नयन त्यांना समजावून बाहेर गेली. तेवढ्यात बाईंनी स्वतःच्या पिशवीला गुंडाळी करून भाच्याच्या मानेखाली सरकवली. बंडूजी डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवून हलवून ती पिशवी खाली पाडली. बाईंनी परत सरकवली. त्यांनी परत पाडली. मग बाईंनी ज्वारीची भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा काढला. आता खरे सांगायचे तर इथे त्या माणसाची कसोटी होती. नाक चोंदले की जेवणाला चव राहत नाही. स्कायलॅबवरच्या लोकांचीही हीच तक्रार होती, जेवण मिळमिळीत लागते म्हणून. दहा दिवस मिळमिळीत वरण खाल्लेल्या वऱ्हाडी माणसाच्या नाकाजवळ ठेचा धरणे हा छळ आहे. बंडूजींच्या डोळ्यांतून पाणी आले, पण तोंड उघडले नाही.

हे सगळे परवडले असते. घात केला तो एका प्रश्नाने. येणारा प्रत्येक जण खाटेच्या कठड्याला धरून विचारायचा, "काय झालं, बंडूभाऊ?" आणि बंडूजी खरे तेच सांगायचे, "काई नाई झालं."

दवाखान्यात पडलेल्या माणसाने काही नाही म्हटले, की त्याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. साधा ताप असता तर ताप म्हटले असते. मूतखडा असता तर काढलेला खडा बाटलीतून दाखवला असता. काही नाही, म्हणजे सांगण्यासारखे नाही. त्यात चेहरा सुजलेला, आवाज नाकातला, पाय वाळलेले. पंखा चालू असताना दोन ब्लँकेटे. शिवाय पेशंटला उठू देत नाहीत आणि लघवी मोजतात. लोक वॉर्डातून मान खाली घालून बाहेर पडू लागले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, घरच्यांना सांगितले का. मी चिडून स्कायलॅबपासून सुरुवात करायचो, तर म्हणायचे, मास्तर धक्क्याने काहीबाही बोलून राह्यले. गावात बंडूजींची बायको रंभावहिनी मेथीच्या वाफ्यात काम करताना गाणे गुणगुणत होत्या, तर बायका म्हणाल्या, बिचारीला अजून माहीत नाही.

तळेगावचा माणूस हायवेने गेला की ढाब्यावर चहाला थांबतोच. चार दिवसांत खबर कारंज्याला पोचली. मग मला तानबाजींचा फोन आला. ते ओरडले नाहीत, तेच वाईट होते. शांतपणे म्हणाले की आजार लपवून सोयरीक करणाऱ्या घरात पोरगा द्यायचा नाही असे त्यांच्या भाऊबंदांचे म्हणणे पडले आहे. मी शपथा घेतल्या. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी स्वतः येतो, डोळ्यांनी पाहतो, आणि तिथेच काय ते सांगतो.

मी सकाळच्या बसने खुशीला घेऊन वर्ध्याला गेलो.  वाटेत आर्वीला मी तिला पोहे घेऊन दिले, ते तिने तसेच पुडीत ठेवले. पोरगी शेतात बापाच्या बरोबरीने राबणारी, बोलायला फटकळ. तिला असे गप्प बघून मला फार वाईट वाटले. हे लग्न मोडले तर मोडले एवढ्यावर ते थांबणार नव्हते. रोगट घरची पोरगी हा शिक्का एकदा बसला की तो कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीने निघत नाही.

वॉर्डात गेल्यावर मी बंडूजींना सरळ सांगितले. तानबाजी येतील तेव्हा उठायचे. दोन मिनिटे. दारापर्यंत चालत जायचे, गळाभेट घ्यायची, परत येऊन पडायचे. पोरीच्या बापाने व्याह्याला झोपून भेटायचे हे चंद्रावरसुद्धा चालणार नाही. मी हे म्हणतो आहे याचे माझे मलाच आश्चर्य वाटत होते, कारण आयुष्यभर मी विज्ञानाची बाजू घेत आलो. बंडूजींनी छताकडे पाहतच उत्तर दिले.

"एका पोरीसाठी दुसऱ्या पोरीचं वाटोळं करू काय, मास्तर? म्या जबान देल्ली तिले."

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो.

संध्याकाळी तानबाजी आले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात दुपट्टा, मागे आदेश. ते दारात थांबले. थांबायचेच असते. मुलीच्या बापाने उठून यायचे, हात धरून आत न्यायचे, ही रीत. बंडूजींनी झोपल्या झोपल्या हात जोडले. सुजलेल्या चेहऱ्याने ते जितके हसू शकत होते तितके हसले, आणि खरे सांगतो, ते हसू पाहून मलाही ते आजारी वाटले. तानबाजींनी तो चेहरा पाहिला, ते पाय पाहिले, खाटेखालची बाटली पाहिली. मी ताबडतोब साल्यूतपासून सुरुवात केली.

"मास्तर," तानबाजी म्हणाले, "तुमी दहा मिनटं चूप राहा."

मग ते खाटेजवळ आले आणि बंडूजींना म्हणाले की त्यांना रिपोर्ट नको, डॉक्टर नको. माणूस ठीक असेल तर तो उठून उभा राहील. उभे राहिले तर सोयरीक पक्की, नाहीतर आम्ही जातो आणि तुम्ही आमच्यावर रागावू नका.

 बंडूजींची बोटे खाटेच्या कठड्याभोवती आवळली. नयन कोपऱ्यात हातात फाइल घेऊन उभी होती. तिची सगळी मापे त्या फाइलमध्ये होती. पण पोरगी मोठ्या मनाची. ती पुढे येऊन म्हणाली, काका, उठा तुम्ही, मी पुढच्या वर्षी पुन्हा करीन. आणि तिने फाइल मिटून काखेत घेतली. बंडूजींनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा खुशीकडे. मानेच्या शिरा ताणल्या. डोके उशीविना असलेल्या त्या गादीवरून आता उचलणार, एवढ्यात खुशीने पुढे होऊन त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला आणि दाबून धरला.

"बाबा उठणार नाई," ती म्हणाली. मग तानबाजींकडे वळली. "मामाजी, त्याइच्यानं उठनं होते. पन थे उठणार नाई, जबान देल्ली त्याइनं. तुमाले बराबरीनं भेटाचं असन तं बाजूची खाट रिकामी हाये."

होणाऱ्या सासऱ्याला झोपा म्हणणारी सून मी आजवर पाहिली नव्हती. सोयरीक गेली, असे मी मनात म्हटले. तानबाजी तिच्याकडे बघत राहिले.  ढाब्यावर ट्रकवाल्यांना एका नजरेत गप्प करणारा माणूस तो. आणि तेवढ्यात इतका वेळ तोंड न उघडलेला आदेश खाली वाकला आणि बापाच्या पायांतल्या चपला काढू लागला.

"काय करून राह्यला तू?" तानबाजींनी विचारले.

"झोपा ना, बाबा," आदेश म्हणाला. "जमते तुमाले."

तानबाजी झोपले. का झोपले ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित चपला निघाल्यावर दुसरे काही करता येत नाही. नयनने चटकन बाजूच्या खाटेलाही ठोकळे लावले, कारण खुशी म्हणाली की बराबरी म्हणजे पुरती बराबरी. तानबाजींचे डोके खाली गेले, दुपट्टा घसरून डोळ्यांवर आला, तो त्यांनी बाजूला केला. थोड्या वेळाने त्यांचे तोंड लाल झाले. मग नाक चोंदल्यासारखा आवाज आला. ते म्हणाले की डोकं भरून येऊन राह्यलं. बंडूजी पलीकडून म्हणाले की दोन दिवस तसे वाटते, मग सवय होते. मग त्यांनी कमरेखालची चादर कशी ओढून घ्यायची ते सांगितले. तानबाजींनी ओढून घेतली. आपल्यालाही दहा मिनिटांत तोंड सुजल्यासारखे वाटते आहे आणि आपल्याला तर काहीच झालेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेले मला बाजूने स्पष्ट दिसले.

आता ते उठून जाऊ शकत नव्हते, तेव्हा मी बोलून घेतले. स्कायलॅबच्या एका भागात जमीन आणि छत असा भेदच ठेवला नव्हता. वजनच नाही तर वर कुठले आणि खाली कुठले, म्हणून चारी बाजूंनी यंत्रे बसवली. शास्त्राप्रमाणे ते बरोबर होते. पण बऱ्याच जणांना तिथे करमेना. राहायच्या मोठ्या खोलीत पायाखाली जमीन आणि डोक्यावर छत होते, तिथेच त्यांना बरे वाटे. रशियनांनी तर जमिनीला एक रंग आणि छताला दुसरा दिला होता. माणसाला कोण वर आणि कोण खाली हे समजल्याशिवाय चैन पडत नाही, मग त्याला कितीही उंच नेऊन सोडा.

 दोघे व्याही शेजारी शेजारी छताकडे बघत पडून होते. पंखा फिरत होता. मला वाटले त्यांना झोप लागली.

"माह्या पोरीच्या, सुरेखाच्या लग्नात," तानबाजी एकदम बोलू लागले, "म्या दिवसभर हात जोडून उभा होतो. मांडवाच्या तोंडापाशी. जेठातलं ऊन. पायाले गोळे आले, पन बसता येत नाई ना पोरीच्या बापाले. इवाई, पोराचा बाप, खुर्चीवर बसून उसाचा रस पेऊन राह्यला होता. त्यानं एकदाबी बसा म्हटलं नाई." त्यांनी दुपट्ट्याने नाक पुसले. आवाज नाकातला झाला होता, आणि तो फक्त तिरप्या खाटेमुळे नव्हता. "आज म्या तुमच्यासंग तेच करत होतो."

बंडूजींनी कठड्यातून हात बाहेर काढला. दोन खाटांच्या मधे अंतर जरा जास्त होते. तानबाजींनीही हात लांबवला. बोटांना बोटे लागेनात, तेव्हा खुशीने बापाची आणि आदेशने त्याच्या बापाची खाट ठोकळ्यांसकट ढकलली. मला हुंदका आला. मी तो खोकल्यावर ढकलला, पण नयनने माझ्याकडे पाहिले आणि तिचे डोळेही भरलेले होते.

"उठू नोका, बंडूजी," तानबाजी म्हणाले. "लग्नाच्या दिवशीबी उठू नोका."

"मंग मांडवात उभं कोनं राहाचं?" बंडूजींनी विचारले.

तानबाजींनी मान वळवून, बापाच्या चपला हातात धरून उभ्या असलेल्या पोराकडे पाहिले.

"हा राहीन ना," ते म्हणाले. "लग्न तं त्याचं हाये."